११८ कोटींचं चित्र आणि काडेपेटीएवढा हुसेन

पोस्ट लांबलचक आहे. वेळ असेल तरच वाचा. पण वाचली तर शेवटपर्यंत वाचा, कारण शिव्या द्यायला सोयीचं जाईल.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेनचं 'ग्रामयात्रा' नावाचं चित्र लिलावात विकलं गेलं. किंमत ११८ कोटी रुपयांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यातल्या पत्रकारांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी पडली आणि पाच मिनिटांत नेहमीचा तमाशा सुरू झाला. "एवढ्यात तर अख्ख्या तालुक्याची कर्जमाफी होते." "आमचं पोट्टं यापेक्षा बरं काढते बाप्पा." "काय पाहून देतात लोक एवढे पैसे?" मीही हसणारे दोन इमोजी टाकले. खोटं कशाला बोलू?

घरी मुलगी बाजूला बसली होती. दहावीत आहे. इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेत तिला अ श्रेणी मिळाली, म्हणजे दहावीच्या निकालात तिचे सात गुण वाढणार. तिने माझ्या मोबाइलमध्ये डोकावून ते चित्र पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे चित्र केवढं असेल हो?"

म्हटलं, तू सांग.

तिने दोन्ही हातांनी ड्रॉइंगच्या कागदाएवढं माप दाखवलं. मी बातमीत पाहून सांगितलं, जवळपास चौदा फूट लांब आहे. म्हणजे आपल्या हॉलची ही भिंत पूर्ण भरेल. ती भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग पुस्तकातून ते कळणारच नाही ना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून ही पोस्ट.

चित्रकलेत राज्याच्या परीक्षेची अ श्रेणी मिळालेल्या मुलीने आयुष्यात एकही मोठं मूळ चित्र पाहिलेलं नाही. तिच्यासाठी हुसेन काडेपेटीएवढा आहे. रझा मोबाइलच्या स्क्रीनएवढा. पोहण्याच्या परीक्षेत पहिला नंबर आणि पोराने विहीर पाहिलेली नाही, असा हा प्रकार. आणि दोष तिचा नाही, तिच्या सरांचाही नाही.

आता त्या 'ग्रामयात्रे'ची गोष्ट ऐका. हुसेनचा जन्म पंढरपूरचा. चित्र १९५४ सालचं. त्यात काय आहे? गाव आहे. बाया आहेत, बैलगाडी आहे, शेतकरी आहे. ते चित्र विकत घेतलं एका परदेशी डॉक्टराने. तो ते नॉर्वेला घेऊन गेला आणि पुढे ते ओस्लोतल्या एका मोठ्या हॉस्पिटलला दिलं. कित्येक वर्षं ते तिथे होतं. म्हणजे ज्या गावाचं चित्र आहे त्या गावातल्या माणसाला सोडून ते सगळ्यांना दिसलं. ओस्लोतल्या डॉक्टर-नर्सना दिसलं असेल, रक्त तपासायला आलेल्या म्हाताऱ्याला दिसलं असेल. मग न्यूयॉर्कमध्ये बोली लावणाऱ्यांना दिसलं. आपल्याला दिसला फक्त आकडा. आणि आपण त्या आकड्यावर हसलो.

हसण्याचा आपल्याला हक्क आहे का, हेही एकदा तपासून बघू. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. भारतातल्या आधुनिक चित्रकलेची गोष्ट जिथून सांगतात, त्यातला हा मोठा टप्पा. संस्थापक सहा जण. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे. यातले हरी अंबादास गाडे हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. रझांचं कलाशिक्षण सुरू झालं ते नागपूरला. पुढे या ग्रुपमध्ये आलेले वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने २०१४ मध्ये त्यांच्या एकट्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. आणि त्याही आधी, १८७२ पासून, जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींवरून नकला काढत होते. ते अजिंठा बुलढाण्याहून दीड-दोन तासांवर. अमृता शेरगिलने अजिंठा पाहिलं आणि तिची चित्रंच बदलली.

म्हणजे मॉडर्न आर्ट ही मुंबई-पॅरिसच्या शिष्ट लोकांची भानगड आहे, आपला तिच्याशी काय संबंध, हे साफ खोटं आहे. घरातलं पोरगं शहरात जाऊन मोठं झालं आणि आपण त्याला ओळख दाखवत नाही, एवढाच अर्थ.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्याला बोलायच्या आधी आपला कचरा काढावा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमोल पालेकरांना भाषण करताना मध्येच अडवलं गेलं, हे तुम्हाला आठवत असेल. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद केल्याबद्दल ते बोलत होते. व्हिडिओ फिरला, चॅनलवर चर्चा झाल्या, आम्हीही आमच्या पेपरात ठळक बातमी लावली. मी स्वतः तिचं शीर्षक दिलं. पण तो कार्यक्रम कशाचा होता? प्रभाकर बरवेंच्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला हा चित्रकार १९९५ मध्ये गेला. 'कोरा कॅनव्हास' हे मराठीतलं पुस्तक त्याचं. त्या भिंतींवर त्याची आयुष्यभराची चित्रं लागली होती. आमच्या बातमीत पालेकर होते, संचालक होत्या, निषेध होता, बरवे एका ओळीत. चित्रांबद्दल एक शब्द नाही. आणि मला त्यात काही चुकलं असं वाटलंसुद्धा नाही. कारण मी त्या इमारतीत तोवर कधी पाय ठेवला नव्हता. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, वीस वर्षं बातमीदारी केली, मुंबईला पन्नास वेळा जाऊन आलो. त्या दारासमोरून पायी गेलोय. आत गेलो नाही.

गेलो तो त्याच वर्षी डिसेंबरात, आणि तोही कलेच्या ओढीने नाही.

भाऊजींच्या धाकट्या भावाला मुंबईच्या एका हॉस्पिटलात भरती केलं होतं. पेशंटजवळ एकच माणूस थांबायचा नियम. भाऊजी आणि मी मदतीच्या एका अर्जासाठी फोर्टात एका ऑफिसला आलो होतो. काम अर्ध्या तासात संपलं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, रात्री परतीची गाडी, मध्ये चार तास. ऊन होतं. पाय दुखत होते. काळा घोड्याजवळ भाऊजी म्हणाले, "कुठं सावलीत टेकू ना गा." समोर ती दगडी इमारत. १९११ सालचा कावसजी जहांगीर हॉल. १९९६ पासून त्यात हे संग्रहालय आहे. तिकीट वीस रुपये.

भाऊजी दारात थबकले. चपलांवर धूळ, खांद्यावर पंचा, काखेत एक्स-रे. मला हळूच म्हणाले, "आपल्याले आत घेतीन का?"

त्यांना पंढरपूरच्या गाभाऱ्यात जाताना हा प्रश्न पडत नाही. शेगावला तर नाहीच नाही. तहसीलमध्येही ते न विचारता खुर्ची ओढून बसतात. पण चार चित्रं लावलेल्या सरकारी इमारतीत, जी त्यांच्याच कराच्या पैशावर चालते, तिथे त्यांना परवानगी विचारावीशी वाटली. तिथल्या वॉचमनने काही विचारलं नाही. पिशवी काउंटरला ठेवायला सांगितली, एवढंच. म्हणजे दारावर कोणीही अडवत नव्हतं. अडवणारा आमच्या डोक्यात होता, आणि तो एका दिवसात तिथे बसलेला नाही.

आत सुधीर पटवर्धनांचं प्रदर्शन होतं. खालपासून वरच्या घुमटापर्यंत, मजल्यामागून मजला त्यांचीच चित्रं. लोकल, पूल, कारखान्यातली माणसं, हॉटेलात एकटा बसलेला माणूस, चाळी, डोंगर पोखरून उभी राहिलेली घरं. मी पत्रकारी सवयीने आधी भिंतीवरचा मजकूर वाचायला लागलो. भाऊजी मजकुराच्या भानगडीत पडले नाहीत. ते थेट एका कामगाराच्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मग मला म्हणाले, "याची कंबर गेली हाय. पाय ना, वजन एकाच पायावर टाकलं त्यानं."

मी पाहिलं. खरंच. मी तिथे दोन मिनिटं उभा होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग ते एकेका चित्रापुढे थांबत गेले. कोण दमला आहे, कोण उगाच घाईत आहे, कोणाचं घरी भांडण झालं असेल, सगळं सांगत गेले. एका चित्रापुढे म्हणाले, "हे नाई समजलं." आणि पुढे गेले. नाही समजलं तर नाही समजलं, त्यात लाज कसली? बाजारात सगळीच जनावरं आपण घेत नाही. पण पाहून येतो ना?

वर गेल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं की हे चित्रकार ठाण्यात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट होते. म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर. भाऊजींनी स्वतःच्या रिकाम्या काखेकडे पाहिलं, पाकीट काउंटरला होतं. म्हणाले, "मंगच. हा मानसाले आतून पायते."

गेल्या सहा वर्षांत पेपरांतून जी कलासमीक्षा वाचली, त्यात यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. आणि ते बोलणारा माणूस सातवी पास आहे, मोताळा तालुक्यात कापूस-सोयाबीन करतो.

म्हणून आता कोणी "आपल्या लोकांना मॉडर्न आर्ट कळत नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं. कळत नाही हे तुम्ही कधी तपासलं? दाखवलं कधी? ज्याने कधी समुद्र पाहिला नाही त्याला समुद्र आवडत नाही, असं ठरवणारे तुम्ही कोण?

माझा मुद्दा कलेची महती सांगण्याचा नाहीच. माझा मुद्दा एका साध्या शब्दाचा आहे. 'सहज'. मुंबईतल्या माणसाला चित्र सहज भेटतं. ऑफिस सुटलं, पाऊस आला, जहांगीर आर्ट गॅलरीत शिरला. १९५२ पासून ती आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. दहा मिनिटं बघितलं, कंटाळा आला, बाहेर येऊन चहा प्यायला. पुढच्या महिन्यात पुन्हा. असं दहा-वीस वर्षं होत राहिलं की नजर तयार होते. कोणी शिकवत नाही, आपोआप होते. आपण कीर्तन असंच शिकलो, कुस्ती असंच शिकलो. बैलाची जात, कापसाचा धागा, सोन्याचा कस हे आपल्याला कळतं, ते काय कॉलेजात शिकलो? येता-जाता पाहून शिकलो.

आमच्या पोरांना तेच येता-जाता नाही. मलकापूरहून मुंबई रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर घ्या, तेही लांब. तिथला अजब बंगला १८६३ सालचा, पण तो बघायला मेहकरच्या पोराने दोन दिवस काढायचे. सरकारी कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे. मी वीस वर्षं या जिल्ह्यात फिरतोय. तेरा तालुके पालथे घातले. जिथे कोणीही सहज जाऊन आजच्या चित्रकाराचं मूळ चित्र बघावं अशी एक कायमची सार्वजनिक भिंत मला माहीत नाही. असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाका, मी उद्या जाऊन बातमी करतो.

आता येणारे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण कालपर्यंत मीच ते घेत होतो.

पहिला. "शेतकरी आत्महत्या करतोय आणि तुम्हाला चित्रं सुचतात?" मित्रांनो, या जिल्ह्यातल्या आत्महत्यांच्या बातम्या मी केल्या आहेत. त्या घरांत बसलोय. मला हे कोणी ऐकवू नये. मी फक्त एक विचारतो. गावोगाव स्वागताच्या कमानी उभ्या राहतात, चौकाचौकात सुशोभीकरण होतं, उद्घाटन झालेली सभागृहं कुलूप लावून धूळ खात पडतात, तेव्हा शेतकरी कोणाला आठवतो? शेतकऱ्याची ढाल फक्त त्याच्या पोरांना काही चांगलं मिळायची वेळ आली की पुढे येते. शेतकऱ्याच्या पोराने फक्त पीक विम्याच्या रांगेतच उभं राहायचं, असं कुठे लिहिलंय?

दुसरा. "खेड्यात म्युझियम चालतं का?" चालतं. सातारा जिल्ह्यातलं औंध. दुष्काळी भागातलं छोटंसं संस्थान. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारवाले म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांनी, १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई-बाळाचं शिल्प आहे. देवीच्या दर्शनाला आलेली बाई, डोक्यावर पदर, हातात नारळ, ती ते शिल्प बघून घरी जाते. लंडनमध्ये लोक ज्याच्यासाठी तिकीट काढतात ते. पंचाऐंशी वर्षांपूर्वी एका एवढ्याशा संस्थानिकाला जमलं, आणि ज्या राज्याला आपण देशात सगळ्यात पुढारलेलं म्हणतो त्याला तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात एक खोली जमत नाही?

तिसरा. "आपल्या लोकांना वस्तू सांभाळता येत नाहीत." हा मला सगळ्यात जास्त झोंबतो. मेहकरला जा. १८८८ मध्ये जमिनीतून शारंगधर बालाजीची ती भव्य मूर्ती निघाली. इंग्रज ती विलायतेला घेऊन जाणार हे कळल्यावर गावाने घाईघाईने तिची स्थापना करून टाकली, असं मेहकरात अजून सांगतात. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, मूर्ती तिथेच आहे आणि जगातून लोक बघायला येतात. लोणारला दैत्यसूदनाच्या मंदिराच्या भिंती पाहा. सिंदखेडराजाला २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, तेव्हा बघायला झालेली गर्दी आठवा. दगडात कोरलेलं काय आहे हे बघायला लोक उन्हात उभे होते. या लोकांना कला कळत नाही म्हणता? त्यांना हजार वर्षांपूर्वीची कला बघायला मिळते, आजची मिळत नाही, एवढाच फरक आहे.

आणि चौथा आक्षेप, जो कोणी तोंडावर बोलत नाही. "मत मिळत नाही." हा खरा आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते तुमच्याकडे आहे.

शाळांचंही बघा. खामगावच्या टिळक राष्ट्रीय विद्यालयासारखी चित्रकला शिकवण्याची जुनी परंपरा याच जिल्ह्यात आहे. आणि आज कितीतरी शाळांत चित्रकलेचा तास तासिकेवर येणाऱ्या अतिथी निदेशकावर, नाहीतर गणिताच्या सरांवर. ग्रेड परीक्षेला पोरं गाईडमधली स्मरणचित्रं पाठ करतात. स्मरणचित्र पाठ! बाजाराचं दृश्य गाईडमधून घोटायचं, आणि खिडकीबाहेर आठवडी बाजार भरलेला असतो. सात गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. आपण पोरांना चित्रकला शिकवत नाही, तिचे गुण वसूल करायला शिकवतो.

मग करायचं काय? मी मोठं काही मागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नवी इमारत नको, त्यात ठेकेदाराचंच भलं होईल. बंद पडलेल्या सरकारी सभागृहांपैकी एक घ्या. गळकं छप्पर नीट करा, चांगले दिवे लावा, कुलूप, कॅमेरे, दोन माणसं. पैसा जिल्हा नियोजन समितीतून. चित्रं कुठून आणायची? राज्याचं कला संचालनालय दरवर्षी राज्य कला प्रदर्शन भरवतं, ते मोठी शहरं सोडून कधी इकडेही येऊ द्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या कोठारात जी चित्रं आहेत ती नावाप्रमाणे राष्ट्राची आहेत, आणि राष्ट्रात बुलढाणाही येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरतं संग्रहालय म्हणून बस रस्त्यावर आणली. २००८ च्या सुमारास याच सुधीर पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरवलं होतं. एक चित्रकार हे करू शकतो, एक म्युझियम बस काढू शकतं, तर सरकारने "होत नाही" म्हणू नये.

आणि एक काम आपल्या हातातलं. शाळेची सहल एसटीने दरवर्षी निघते. मुंबईला गेलीच तर राणीच्या बागेसोबत, गेटवेसोबत, काळा घोड्याचे दोन तास ठेवा. तिथून गेटवे पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. पोरांना काही समजावून सांगू नका, प्रश्नपत्रिका देऊ नका, निबंध लिहायला लावू नका. नुसतं सोडून द्या आत. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

माझ्यापुरतं सांगतो. मी त्या ग्रुपवर टाकलेले दोन इमोजी परत घेतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन मुंबईला चाललोय. भाऊजीही येतो म्हणाले. त्यांच्या भावाचं काय झालं ते जवळच्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. पण परवा फोनवर ते स्वतःहून म्हणाले, "तो कंबरवाला असंन का अजून थितं?"

म्हटलं, भाऊजी, ते प्रदर्शन केव्हाच उठलं. आता दुसरं काही असेल.

"मंग दुसरं पाहू," म्हणाले.

पालकमंत्री, आमदार, खासदार, जिल्हाधिकारी, ज्यांना ज्यांना टॅग करता येतं त्यांना करा. उत्तर आलं तर छापतो. नाही आलं तर तेही छापतो.